मसाला बाहेरच राहतो, आत जातं ते मीठ

प्रश्न : आम्ही चंदनसारला राहतो. नोकरी अंधेरीला, त्यामुळे संध्याकाळी घरात पाऊल टाकायला साडेआठ होतात. गेल्या नाताळात नंदाखालच्या मैत्रिणीकडे पोर्क रोस्ट खाल्लं. बाहेरून मसाल्याचा गडद, खरपूस थर आणि आत इतकं मऊ मटण की काट्याने सुटत होतं. निघताना तिच्या आईने बाटली मसाल्याची अर्धी बाटलीही हातात दिली. घरी मी दोनदा करून पाहिलं. मसाला आलं-लसणासकट चोळला, रात्रभर मुरवला, दुसऱ्या दिवशी कढईत टाकला. दोन्ही वेळा मसाला करपला आणि आतलं मटण वातड, अळणी राहिलं. आमच्याकडे ओव्हन नाही. कुकर, कढई आणि गॅस एवढ्यावर, कामाच्या दिवशी रात्री हे जमेल का? आणि डुकराचं मटण कच्चं राहिलं तर मेंदूत जंत होतात असं सासूबाई म्हणतात, ते खरं का?
(एक वाचक, चंदनसार, विरार पूर्व)

उत्तर : ताई, नक्की जमेल. ओव्हन नाही याची खंत करू नका. वसईच्या ज्या घरांत हे रोस्ट पिढ्यान्‌पिढ्या होत आलं, त्यांतल्या बहुतेक घरांत ओव्हन नव्हताच. जाड बुडाचा टोप, खाली मंद आच, झाकणावर पाणी किंवा चार निखारे, एवढ्यावर सणाचं जेवण व्हायचं. तुमच्या मैत्रिणीच्या आईनेही बहुधा टोपातच केलं असेल.

तुम्ही तीन तक्रारी लिहिल्या आहेत: अळणी, वातड आणि करपलेलं. तिन्हींची कारणं वेगळी आहेत, म्हणून एकेक घेते.

अळणी राहण्याचं कारण एका जुन्या समजुतीत आहे. मसाला चोळून रात्रभर ठेवला की तो आतपर्यंत मुरतो, असं आपण सगळ्याच धरून चालतो. मीही कित्येक वर्षं तसंच मानत होते. एकदा किलोचा एकसंध तुकडा दुसऱ्या दिवशी मधोमध कापून पाहिला, तेव्हा हळदीचा पिवळा रंग वरच्या दोन-तीन मिलिमीटरपर्यंतच गेलेला दिसला. पुढे सगळं कोरं. मटणात चरबी सोडली तर जवळजवळ पाऊण हिस्सा पाणी असतं, आणि मिरची, लवंग, दालचिनी यांचा सुवास ज्या तेलकट घटकांत असतो ते पाण्यात विरघळत नाहीत. त्यामुळे मसाला वरच थांबतो. मीठ मात्र पाण्यात विरघळतं आणि तास-तासाने आत सरकत जातं. आत गेल्यावर ते मांसाचे तंतू थोडे सैल करतं, म्हणून शिजताना मटण आपलं पाणी धरून ठेवतं. म्हणजे रात्रभर मुरवण्याचा खरा फायदा मिठाला मिळतो. किलोभर मटणाला १२ ते १५ ग्रॅम मीठ लागतं, सपाट दोन ते अडीच चहाचे चमचे. बाटली मसाल्यात मीठ नसतं, हे ध्यानात ठेवा. नेहमीच्या तयार मसाल्यांची सवय असेल तर इथे हमखास फसायला होतं.

मग इंदियालमध्ये, म्हणजे आपल्या आंबट-तिखट पोर्क कालवणात, मसाला कसा मुरतो, असं तुमच्या मनात आलं असेल. तिथे मटणाचे तुकडे इंच-दीड इंचाचे असतात. चार इंची ठोकळ्याचे इंची तुकडे केले तर चौसष्ट होतात आणि मसाला लागायची जागा एकदम चौपट होते. शिवाय सगळं व्हिनेगरच्या आंबट रश्शात डुंबत असतं. रोस्ट हा एकसंध तुकडा. इंदियालची रीत त्याला लावली की बाहेर मसाल्याचा मारा आणि आत काहीच नाही, असं होतं.

इंदियाल आणि रोस्ट ही तशी भावंडंच. दोघांचं मूळ पोर्तुगीज स्वयंपाकघरात आहे. गुजरातच्या बहादुरशहाकडून वसई पोर्तुगीजांच्या हाती गेली १५३४ मध्ये आणि चिमाजी अप्पांनी ती घेतली १७३९ मध्ये. मधल्या दोनशे वर्षांत इथल्या ख्रिस्ती घरांच्या चुलीवर बरंच काही बदललं. पोर्तुगीज लोक वाइन आणि लसणात मांस मुरवून ठेवत, त्याला ते ‘विन्या दाल्युश’ म्हणत. त्याचंच गोव्यात विंदालू झालं आणि आपल्याकडे इंदियाल. नावातल्या ‘आलू’मुळे कुणी त्यात बटाटे घालतं, पण मूळ शब्द लसणाचा आहे. इकडे वाइनच्या जागी ताडी-माडीचं व्हिनेगर आलं. मिरचीसुद्धा याच पोर्तुगीज जहाजांवरून, अमेरिका खंडातून आपल्याकडे पोहोचली. आज आपण ज्याला वसईची चव म्हणतो तिच्यात दूरदेशची मिरची आहे, इथल्या माडाचं व्हिनेगर आहे आणि उन्हाळ्यात मसाला कांडणाऱ्या इथल्या बायांचे हात आहेत. मला या स्वयंपाकाचं सगळ्यात जास्त अप्रूप वाटतं ते याचंच.

आता वातडपणा. इथे खाटकाकडेच अर्धं काम होतं. आपल्या दुकानांत मांडी मागितली तर चरबी काढून देतात आणि आपल्याला वाटतं, चांगलं मटण मिळालं. रोस्टला मांडीचा किंवा पाठीचा बिनचरबीचा भाग घेऊ नका, तो लवकर कोरडा पडतो. खांद्याचा तुकडा मागा, करंगळीएवढा चरबीचा थर असलेला. आणि सुरी चालवण्याआधीच सांगा, ‘एकसंध द्या, करी-कट नको.’ नाहीतर सवयीने त्याचे तुकडे होऊन पिशवीत पडतील. किलोभराचे दोन भाग केलेले चालतात, कुकरमध्ये तेच सोयीचं पडतं. कातडी असेल तर घरी सुरीने सोडवून घ्या आणि टाकू नका. ती कुकरच्या तळाशी घातली की रस्सा दाट आणि चकचकीत होतो.

खांद्याच्या स्नायूंना जनावराने आयुष्यभर कामाला लावलेलं असतं, त्यामुळे त्यात चिवट पांढरे पडदे भरपूर असतात. हे पडदे मऊ व्हायला नुसती उष्णता पुरत नाही, वेळ द्यावा लागतो. मटणाच्या आतलं तापमान ८५ ते ९० अंशांपर्यंत जाऊन काही वेळ तिथेच राहिलं की पडद्यांचं जिलेटिन होतं आणि तंतू सुटे होतात. कढईत बाहेरून जोरात भाजलेला तुकडा आत ६० अंशांवर असतो, तेव्हा तो वातड लागणारच. याला कुकर उत्तम. दाब चढला की आतली वाफ १२० अंशांच्या आसपास असते, त्यामुळे टोपात दोन तास घेणारं काम पाऊण तासाच्या आत होतं.

करपण्याचं कारण मसाल्यातच आहे, आणि त्यात मसाल्याचा काही दोष नाही. बाटली मसाल्यात काश्मिरी मिरची, धणे, जिरे, मिरी, दालचिनी, लवंग, दगडफूल, जायपत्री, बाद्यान, तीळ, खसखस, हळद अशी वीसच्या वर जिन्नसं असतात. बऱ्याच घरांत त्यात भाजलेले गहू आणि चणाडाळही घालतात, कालवणाला दाटपणा यावा म्हणून. ही सगळी जिन्नसं आधीच एकेक करून भाजलेली असतात. तुम्ही भाजलेला मसाला पुन्हा तापलेल्या कढईत वीस मिनिटं भाजत होतात. डाळ-गव्हाचं पीठ आणि ओला लसूण तर सगळ्यांच्या आधी काळे पडतात. माझ्या पहिल्या रोस्टचंही अगदी हेच झालं होतं. वरचा थर कडू कोळसा, आत लाल रस. घरातल्यांनी खरवडून खाल्लं, मला मात्र दोन दिवस चैन पडलं नाही.

तेव्हा क्रम उलटा करा. आधी शिजवा, मग खरपूस करा, आणि मसाल्याचा मोठा हिस्सा शेवटच्या दहा मिनिटांसाठी राखून ठेवा.

चंदनसारहून स्टेशन ओलांडून पश्चिमेला आगाशी, नंदाखालकडे गेलात तर डुकराचं मटण रविवारी सकाळी घ्यावं, म्हणजे ताजं मिळतं. रंग फिकट लाल-गुलाबी हवा, चरबी पांढरी आणि घट्ट हवी, आंबूस वास नको. घरी आणल्यावर धूत बसू नका, त्याने ओटाभर शिंतोडे उडतात. कोरड्या फडक्याने किंवा टिश्यूने टिपा, अडीच चमचे मीठ सगळीकडून चोळा. दहा-बारा लसूण पाकळ्या आणि दोन इंच आलं वाटून, त्यात दोन मोठे चमचे व्हिनेगर आणि फक्त एक मोठा चमचा बाटली मसाला मिसळून वरून लावा. स्टीलच्या झाकणाच्या डब्यात, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, भाज्या आणि दुधापासून दूर ठेवा. रात्रीपर्यंत आठ-दहा तास मीठ आपलं काम करतं. पावसाळ्यात वीज बराच वेळ जात असेल तर वाट पाहू नका, चार तासांनीही शिजवलं तरी चालतं.

रविवारी रात्री, इतर आवराआवर चालू असताना, कुकरच्या तळाशी उभे चिरलेले दोन कांदे, कातडी, दालचिनीचा तुकडा, चार लवंगा, आठ-दहा मिरी टाका. वर मटण ठेवा आणि वाटीभर पाणी घाला. एवढंच पाणी पुरतं, मटणालाही सुटतं. पहिली शिट्टी झाली की आच बारीक करून ४० मिनिटं ठेवा. दाब आपोआप उतरू द्या. चमच्याने शिट्टी उचलून वाफ काढलीत तर रस एकदम उसळतो आणि मटण कोरडं पडतं. काटा खुपसून फिरवा. सहज फिरला तर झालं, अडला तर आणखी दहा मिनिटं. कोमट झालं की रसासकट डब्यात काढून फ्रिजमध्ये ठेवा. शिजल्यापासून दोन तासांच्या आत ते थंड जागी गेलं पाहिजे, विरारच्या दमट हवेत तर नक्कीच.

आता तुमची कामाची रात्र. सोमवार पाळत असाल तर मंगळवारी किंवा बुधवारी करा, तीन दिवस हे छान राहतं. डबा उघडलात की वर गोठलेल्या चरबीचा पांढरा थर दिसेल. तो चमच्याने काढून कढईत घाला, वेगळं तेल लागणार नाही. मटण कोरडं पुसून घ्या. बाहेर ओल असेल तर तो भाग शंभर अंशांपुढे तापत नाही आणि खरपूस रंग यायला १४० अंशांच्या आसपास उष्णता लागते. म्हणून पुसण्याचा कंटाळा करू नका. दीड मोठा चमचा बाटली मसाला, चमचाभर वितळलेली चरबी, चमचाभर व्हिनेगर आणि सुपारीएवढा किसलेला गूळ यांचा लगदा करून तुकड्यावर चोळा. मध्यमपेक्षा थोड्या कमी आचेवर, बिडाची कढई असेल तर तीच घ्या, एकेक बाजू दोन-तीन मिनिटं ठेवा. मसाला चरबीत फुलतो, त्याचा वास बदलतो आणि रंग गडद तांबूस होतो. तिथे थांबा. काढून दहा मिनिटं झाकून ठेवा आणि त्या दहा मिनिटांत डब्यातला रस कांद्यासकट कढईत ओतून निम्मा होईपर्यंत आटवा. उकडलेले छोटे बटाटे असतील तर त्यात परतून घ्या. कापताना तंतूंच्या आडवी सुरी चालवा. साडेआठला आलात तर सव्वानऊला पानं वाढता येतील, आणि त्यातही उभं राहून करायचं काम वीस मिनिटांचंच.

सोबत काय? सणाला फुगे, म्हणजे तळलेले गोल पाव, हवेतच, पण त्यांचं पीठ फुगायला तास-तास लागतात, कामाच्या दिवशी त्यांच्या नादी लागू नका. बेकरीतला ताजा पाव किंवा तांदळाची भाकरी घ्या. कांदा-काकडी व्हिनेगरमध्ये टाकून ठेवा, चरबीला आंबट काहीतरी हवंच. आणि शेवटी आगाशीकडची सुकेळी मिळाली तर दोन-दोन वाढा. राजेळी केळ्यांची ही सुकवलेली गोडी तिखट जेवणानंतर जिभेला फार बरी वाटते.

सासूबाईंचं म्हणणं अर्धं खरं आहे, आणि उरलेलं अर्धं तुम्ही दोघींनी मिळून वाचावं असं आहे. डुकराच्या मांसातून येणाऱ्या फीतकृमीचं नाव टीनिया सोलियम. मांसात त्याच्या अळ्यांच्या पुटकुळ्या असतील आणि ते अर्धकच्चं खाल्लं तर माणसाच्या आतड्यात लांब फीतकृमी वाढतो. मेंदूत गाठी होतात त्या मात्र याच कृमीची अंडी पोटात गेल्याने. ती अंडी फीतकृमी झालेल्या माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतात आणि न धुतलेल्या हातांनी, दूषित पाण्याने, कच्च्या भाज्यांवरून दुसऱ्याच्या पोटात जातात. म्हणून जन्मात पोर्क न खाल्लेल्या माणसालाही हा आजार होऊ शकतो. न्यू यॉर्कमधल्या कर्मठ ज्यू कुटुंबांत, जिथे डुक्कर वर्ज्यच असतं, असे रुग्ण आढळल्याचं १९९२ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केलं होतं. आपल्या देशात फिट येण्याच्या महत्त्वाच्या कारणांपैकी हे एक आहे, तेव्हा सासूबाईंची काळजी अगदी योग्य जागेवरून आलेली आहे.

त्यावर उपायही हातातले आहेत. मांसात तांदळाच्या दाण्याएवढ्या पांढुरक्या पुटकुळ्या दिसल्या तर ते घेऊ नका. उकिरड्यावर चरणाऱ्या डुकरांचं मटण स्वस्तात मिळालं तरी नको, बंदिस्त जागी पाळलेल्या जनावराचंच आहे का हे विचारून घ्या. कच्च्या मटणाची सुरी आणि पाट वेगळे ठेवा. कोशिंबिरीची काकडी आणि कोथिंबीर नळाखाली नीट चोळून धुवा, हात साबणाने धुवा. शिजवण्याबाबत म्हणाल तर अमेरिकेच्या शेती खात्याने २०११ पासून अखंड तुकड्याला ६३ अंश आणि वर तीन मिनिटांची विश्रांती पुरेशी ठरवली आहे, म्हणून परदेशी पाककृतींत आत गुलाबी ठेवलेलं पोर्क दिसतं. आपल्याकडे तसं करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. वरच्या रीतीने कुकरमध्ये ४० मिनिटं शिजलेलं मटण ९० अंशांच्या पुढे गेलेलं असतं. मऊपणासाठी जी उष्णता लागते तिच्यात अळ्या केव्हाच मेलेल्या असतात.

याच विषयावर आणखी एक पत्र मनवेलपाड्याहून आलं आहे : आमच्याकडे पोर्क चालत नाही. हीच रीत बोकडाच्या मटणाला किंवा कोंबडीला लावता येईल का?

बोकडाच्या मांडीला किंवा खांद्याला जरूर लावा. मिठाचं प्रमाण तेच, कुकरला पाच-दहा मिनिटं जास्त. बोकडाची चरबी थंड झाल्यावर तोंडात चिकटते, म्हणून ती काढून टाका आणि खरपूस करताना तूप वापरा. कोंबडीला ही रीत नको. तिचे तंगडीचे तुकडे मीठ-मसाला लावून झाकणाखाली मंद आचेवर अर्ध्या तासात होतात, कुकरमध्ये तर तिचा पार लगदा होईल.

आणि तिसरं : बाटली मसाला नाही, तर काय वापरावं?

एका रोस्टपुरतं काश्मिरी मिरचीचं तिखट एक मोठा चमचा, धणेपूड एक, भाजलेल्या जिऱ्याची पूड अर्धा, हळद आणि मिरपूड अर्धा-अर्धा लहान चमचा, दालचिनी-लवंगेची पूड चिमूट-चिमूट. चव छान येते. पण ती बाटली मसाल्याची चव नव्हे, आणि तसं म्हणूही नये.

पहिल्या पत्रातल्या ताईंना शेवटी एक सांगायचं आहे. तुमच्याकडे अर्धी बाटली उरली आहे, ती जपा. बिअरच्या गडद तपकिरी बाटलीत हा मसाला भरतात याला कारण आहे: काच उजेड अडवते, त्यामुळे मिरचीचा रंग टिकतो, आणि मसाला काठीने दाबून ठासून भरला की आत हवा आणि पावसाळी ओल शिरत नाही. ओला चमचा घालू नका, बूच लगेच लावा. हा मसाला एप्रिल-मेच्या उन्हात वर्षभराचा एकदाच होतो. पूर्वी उखळात कांडत, आता बरेच जण गिरणीवर नेतात. कोणती मिरची किती, काय आधी भाजायचं आणि किती, हे प्रत्येक घराचं वेगळं असतं, आणि अनेक घरांत ते कागदावर नसतं, आई-आजीच्या हातातच असतं. येत्या मे महिन्यात मैत्रिणीच्या आईने मसाल्याचा दिवस ठरवला की नंदाखालला जा, भाजायला हात लावा आणि त्यांच्या परवानगीने वहीत सगळं प्रमाण लिहून घ्या. जाताना रिकामी बाटली धुऊन, कडक उन्हात वाळवून सोबत न्या.